इंजिन उतरवण्याआधी

दारात, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गावाकडं गोठ्याशेजारी जुनी फियाट उभी असेल आणि येत्या सुट्टीत तिचं इंजिन खाली घ्यायचा बेत शिजत असेल, तर आधी एवढं वाचा. इंजिन उतरवणं फार अवघड नाही. दोन जाणती माणसं, एक धडधाकट चेनकप्पी आणि एक मोकळा दिवस मिळाला, की पद्मिनीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर येतं. खरी अडचण पुढं असते. महिनाभरात परत बसवू या बोलीवर खाली आलेलं इंजिन पावसाळ्यामागून पावसाळे पोत्याखाली पडून राहतं. भोसरीतल्या जुन्या गॅरेजांच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारा. बॉनेट गायब, आत पोकळी, टायर बसलेले आणि मागच्या सीटवर खोकंभर नट-बोल्ट. यांतल्या बऱ्याच गाड्या अपघातानं गेलेल्या नाहीत. त्या खोलल्या गेल्या आणि जोडायच्या राहिल्या.

म्हणून सांगणं एवढंच, की जोडायची तयारी पुरी झाल्याशिवाय खोलू नका.

हे पिंपरी-चिंचवडकरांना मुद्दाम सांगावं लागतं, कारण हा मोह आपल्याकडं जास्त. घरटी एक तरी माणूस टाटा मोटर्स, बजाज, फोर्स किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत असतो. हातात पाना धरता येतो, ओळखीत लेथवाला असतो, गुरुवारी सुट्टी असते. चाकणला लाइनवर काम करणाऱ्या पोरांनी तर बॉडी आणि इंजिन जोडण्याचं ‘मॅरेज’ स्टेशन रोज पाहिलेलं असतं. खालून इंजिन वर येतं, वरून बॉडी खाली येते, बोल्ट बसतात, गाडी पुढं सरकते. पण तिथं प्रत्येक बोल्टाची जागा ठरलेली, पार्ट ट्रॉलीत लावून आलेले आणि कोणता बोल्ट किती आवळला याची नोंद यंत्रच ठेवतं. घरच्या अंगणात यातलं काहीच नसतं. शिवाय नव्या गाडीचं इंजिन बहुधा खालून चढतं, पद्मिनीचं वरून निघतं. कंपनीत आयुष्यभर ५एसचा बोर्ड वाचलेला माणूस घरी मात्र सगळे बोल्ट एकाच डब्यात टाकतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

पद्मिनीचं नाव घेतो कारण आपल्याकडं घरोघरी उरलेली जुनी गाडी बहुधा तीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, आणि बहुतेक गाड्यांचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. हीच प्रीमियर पुढं आपल्या चिंचवडला आली आणि २००९ मध्ये तिनं इथून रिओ काढली, पण पद्मिनीसारखं नाव तिला मिळालं नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदवली गेली होती. टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळं ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. याचा तुमच्या इंजिनाशी संबंध आहे. टॅक्सी होत्या तोवर स्पेअरला रोजचं गिऱ्हाईक होतं. आता गॅस्केट सेट, रिंगा, बेअरिंग शेल, क्लच प्लेट, इंजिनाची फाउंडेशन रबरं हे सगळं आधी हातात आणा, मगच पहिला बोल्ट सोडा. इंजिन उघडून मग स्पेअर शोधायला निघालेला माणूस कुठं अडकेल, सांगता येत नाही.

त्याहून आधीचा प्रश्न म्हणजे इंजिन काढायची खरंच गरज आहे का. धूर मारते, तेल पिते, चढाला दम लागतो, एवढ्यावर मिस्त्री ‘फुल इंजिन’ सांगून मोकळा होतो. त्याला विचारा, कॉम्प्रेशन मोजलं का? चारही प्लग काढून गेज लावायला अर्धा तास पुरतो. कमी आलेल्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजायचं. आकडा वर गेला तर रिंगा किंवा बोअर, जिथल्या तिथं राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचं आणि हेड गॅस्केटचं काम इंजिन गाडीत ठेवूनच होतं. नुसता क्लच घसरत असेल तर गिअरबॉक्स खालून उतरवला की भागतं. क्रँकचा ठोका, ऑइलचं प्रेशर बसणं, बोअर झिजणं, ब्लॉकला चीर जाणं, अशासाठी मात्र इंजिन बाहेर घ्यावंच लागतं. गाडी वर्षानुवर्षं बंद असेल आणि क्रँक फिरतच नसेल, तर पहार घालून जोर लावू नका. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या, मग क्रँकपुलीच्या नटावर लांब पाना लावून हळूहळू मागं-पुढं हलवून पाहा. बरीच ‘जाम’ इंजिनं एवढ्यावर सुटतात.

गरज आहे असं ठरलं, की कागद काढा. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. त्यासाठी गाडी आरटीओसमोर चालत्या स्थितीत न्यावी लागते, आपल्या राज्यात वर पर्यावरण करही भरावा लागतो. आरसीची मुदत दोन-चार महिन्यांत संपणार असेल तर आधी नूतनीकरण उरका, मग इंजिन काढा. खोललेली गाडी एमएच-१४च्या ट्रॅकवर कशी नेणार?

दुसरं, इंजिन नंबर. तो ब्लॉकवर ठोकलेला असतो. धुताना, घासताना, रंग मारताना त्याच्यावर ग्राइंडर किंवा वाळूचा मारा जाऊ देऊ नका. उतरवण्याआधी जागेवर स्वच्छ फोटो काढा, पेन्सिलीनं कागदावर ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. ‘याच्यापेक्षा तयार इंजिन टाकू, स्वस्तात बसेल’ असं कुणी म्हणालं तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदललेल्या इंजिनाची आरटीओत रीतसर नोंद व्हावी लागते. नाहीतर विम्यापासून विक्रीपर्यंत प्रत्येक ठिकाणी ते आडवं येतं.

ज्यांची गाडी पन्नाशीच्या पुढची आहे त्यांनी तर याबाबत जास्तच सावध राहावं. २०२१ च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांसारख्या कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. अट अशी, की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. साठच्या दशकातल्या डिलाइटमध्ये कुणाच्या सल्ल्यानं मारुतीचं इंजिन बसवलंत, तर गाडी पळेलही झकास, पण हा दरवाजा बंद झाला म्हणून समजा. मूळ इंजिन दुरुस्त करणं महाग पडतं हे मान्य. तरी माझं मत त्याच बाजूला आहे.

मुहूर्ताचं म्हणाल तर ज्येष्ठ ते भाद्रपद टाळा. पावसाळी हवेत उघडा ब्लॉक, मोकळा क्रँक आणि उघडी बॉडी आठवडाभरात गंज धरतात. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की काम काढावं आणि होळीच्या आत गाडी पायांवर उभी करावी. जागा पत्र्याखालची, फरशी पक्की आणि सपाट हवी. लेथवाला, क्रँक ग्राइंडिंगवाला, बोअरवाला यांना आधीच भेटून तारीख आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या शॉपांत हे काम उत्तम होतं, पण कंपनीची ऑर्डर आली की तुमचा क्रँक मागं पडतो. दोष त्यांचा नाही, पोट कंपनीच्या कामावर चालतं.

आता प्रत्यक्ष कामाकडं येऊ. इथं घाई केली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आदल्या दिवशी सायलेन्सरच्या पाईपाचे आणि मॅनिफोल्डचे नट गंज सोडवणाऱ्या तेलानं भिजवून ठेवा. हे स्टड तुटले तर ड्रिल मारून काढण्यात अख्खा दिवस जातो. सकाळी पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर, मग पॉझिटिव्ह, मग बॅटरीच बाहेर. पेट्रोलचा पाईप सोडून त्याचं तोंड बोल्टनं बंद करा. जवळ बिडी-सिगारेट नको, पिवळा बल्बही नको. फुटलेल्या बल्बच्या ठिणगीला पेट्रोलची वाफ पुरते. रेडिएटर, इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं पाणी-तेल वेगवेगळ्या भांड्यांत काढा. कूलंट घातलेलं असेल तर भांडं उघडं ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलांचाही नेम नाही.

बॉनेट काढण्याआधी बिजागरीच्या कडेनं मार्करनं रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना फट सारखी येते. रेडिएटर बाहेर काढाच. ‘राहू दे, जागा आहे’ म्हणून ठेवलेल्या रेडिएटरला इंजिनाचा एक झोका बसला की त्याची जाळी गेली. वायरींना चिकटपट्टी लावून नाव लिहा: डायनामो, ऑइल स्विच, टेंपरेचर. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या घ्या. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी आणि जमेल तिथं बोल्ट त्याच्याच भोकात परत फिरवून ठेवा. मोबाइलवर फोटो काढताना नुसता जवळचा नको. आधी लांबून, मग जवळून, नाहीतर सहा महिन्यांनी तो पाईप नेमका कुठला होता हे तुम्हालाच कळत नाही. पद्मिनीला मिलिमीटरचे पाने चालतात. हेच अँबॅसडर किंवा विलीज जीपवर करत असाल तर इंचाचे पाने लागतील. ‘बसतोय की’ म्हणून जवळपासचा पाना घातलात तर षटकोनी बोल्ट गोल होतो.

खालच्या बाजूला प्रोपेलर शाफ्ट सोडताना दोन्ही फ्लँजवर मिळून एक खूण करा. शाफ्ट उलटा बसला तर गाडी साठच्या पुढं थरथरू शकते आणि दोष नव्या इंजिनाला लागतो. क्लचची जोडणी, स्टिअरिंगकडून येणारे गिअरचे रॉड, स्टार्टरची वायर हे लक्षात राहतं. हमखास विसरतात त्या दोन गोष्टी: गिअरबॉक्सला जाणारी स्पीडोमीटरची केबल आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन चार बोटं वर येऊन अडलं की वर ओढू नका, खाली सोडा आणि या दोन्ही पाहा.

गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकच्या भरवशावर नाही. लोखंडी घोड्या लावा, मागच्या चाकांना ओंडके द्या. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक चालणार नाहीत. ते आधी न सांगता एकदम फुटतात.

आता उचलणं. इथली सर्वांत धोक्याची सवय म्हणजे शेडच्या कैचीला चेनकप्पी बांधणं. पत्र्याच्या शेडची कैची पत्रे आणि वारा पेलायला बांधलेली असते, मध्यभागी लोंबकळणारं इंजिन पेलायला नाही. आंब्याची फांदीही नको. पाईपची तिकटी किंवा चाकांची हायड्रॉलिक क्रेन भाड्यानं आणा. क्रेनच्या दांड्यावर प्रत्येक भोकापाशी वजन लिहिलेलं असतं ते वाचा, कारण दांडा जितका बाहेर काढाल तितकी तिची ताकद उतरते. दोन टनांची क्रेन पुरा दांडा काढल्यावर त्याच्या कितीतरी खाली येते आणि पुढं उलटूही शकते. साखळी मॅनिफोल्डला किंवा टॅपेट कव्हरला अडकवू नका. ब्लॉक किंवा हेडच्या पुढच्या एका आणि मागच्या विरुद्ध बाजूच्या एका पक्क्या जागी, जाड वायसर घालून, पुऱ्या आट्यांत बसलेले चांगल्या प्रतीचे बोल्ट वापरा. कंपनीतला पट्टा आणणार असाल तर त्याची वजनाची पट्टी शाबूत आहे का ते बघा. कातरलेला पट्टा कंपनीनं टाकून दिलेला असतो, तो कशासाठी हे लक्षात घ्या.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढणं मला बरं वाटतं. जागेवरच दोन्ही वेगळे करताना गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबतं आणि क्लच प्लेटचा मधला भाग वाकडा होतो. हे कळतं मात्र सगळं जोडून झाल्यावर, क्लच सुटत नाही तेव्हा. एकत्र काढताना पुढचा भाग वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली अशी बरीच तिरकी उचल द्यावी लागते. त्या तिरपेपणात गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडातून उरलेलं तेल भळाभळा येतं. तिथं जुना योक घाला किंवा जाड प्लॅस्टिक गुंडाळून ट्यूबच्या रबरानं घट्ट बांधा. एक माणूस चेनवर, एक माणूस फक्त बघणारा. बघणाऱ्यानं ‘थांब’ म्हटलं की चेनवाल्यानं कारण न विचारता थांबायचं. हात फाउंडेशन आणि बॉडीच्या मध्ये घालायचा नाही, लोंबणाऱ्या इंजिनाखाली पायही नाही. इंजिन पुढच्या पट्टीवर सुटलं की क्रेन ओढू नका, गाडी मागं ढकला. आणि लगेच खाली उतरवा. चहाला जाताना इंजिन टांगून ठेवणाऱ्याला ओरडायला मला संकोच वाटत नाही.

क्लच उघडल्यावर आत काळी भुकटी दिसेल. कंप्रेसरची हवा मारू नका. जुन्या क्लच प्लेट आणि ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क हवा.

जोडताना एकच गोष्ट काटेकोर पाळा. क्लच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टवर किंवा लेथवर केलेल्या डमी शाफ्टवर मध्यात धरून प्रेशर प्लेट आवळा. मग गिअरबॉक्स हातानं सरळ सरकवत न्या. तो ब्लॉकला पुरता टेकला पाहिजे, मगच बोल्ट. बोटभर फट राहिली आणि ती बोल्टनं ओढून मिटवायला गेलात, तर बेल हाउसिंगचा कान तुटतो. फट राहते तेव्हा आत काहीतरी जुळलेलं नसतं. मागं घ्या, क्रँक थोडा फिरवा, परत सरकवा. पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइलचं प्रेशर आल्याची खात्री झाली की प्लग लावा.

काढलेलं काळं तेल गटारात, ओढ्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर ओतू नका. पवना आणि इंद्रायणी आधीच आपल्या कारखान्यांचा आणि सांडपाण्याचा भार सोसतायत. वापरलेलं तेल कायद्यानं घातक कचरा आहे. ते कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडं द्या आणि तो ते अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याला देतो का, हे तोंडावर विचारा.

हे सगळं वाचताना ज्यांच्या घरी इंजिन आधीच उतरवून पडलंय, त्यांच्यासाठी थोडं निराळं. या रविवारी ते पोत्याखालून बाहेर काढा. प्लगच्या भोकांतून तेल सोडून क्रँक हातानं फिरतो का पाहा, सगळी भोकं कापडानं बुजवा आणि फरशीवरून उचलून फळीवर ठेवा. खोक्यातले बोल्ट एकदा निवडा, काय आहे आणि काय नाही याची यादी करा. यादी पाहून हे आपल्याच्यानं होणार नाही असं वाटलं, तर गाडी विका, पण भंगारवाल्याला किलोवर इंजिन आणि दुसऱ्याला बॉडी असं तोडून नको. इंजिन, बॉडी, सुट्या भागांची खोकी आणि मूळ आरसी एकाच माणसाला द्या. फॉर्म २९ आणि ३० वर सही करताना तारीख आणि वेळ घाला आणि नाव बदलल्याची आरटीओची पावती हातात येईपर्यंत त्याच्या मागं लागा.